गुडघ्यावर हात न टेकता उठता येते का?

लग्नाच्या पंगतीत आता टेबल-खुर्च्या आल्या. पण भजनाला, सत्यनारायणाच्या पूजेला आपल्याकडे अजून सतरंजीच अंथरतात. असा एखादा कार्यक्रम संपल्यावर लोक कसे उठतात, ते एकदा पाहावे. लहान मुले टुणकन उठून पळतात. तिशी-चाळिशीतली माणसे एक हात जमिनीला टेकतात. पन्नाशीच्या पुढचे बरेच जण आधी एका कुशीला वळतात, गुडघ्यावर हात रोवतात, “आई गं” म्हणतात आणि शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहतात. काही जण तर खाली बसतच नाहीत. भिंतीकडेच्या खुर्च्या त्यांच्यासाठी आधीच राखून ठेवलेल्या असतात.

विचारले तर उत्तर ठरलेले असते : “वय झालं डॉक्टर, गुडघे गेले.” गुडघ्यांची झीज होते, हे खरेच आहे. पण तपासून पाहिल्यावर पुष्कळदा असे आढळते, की गुडघे जेवढे गेले आहेत त्याहून मांड्या अधिक गेल्या आहेत. बसल्या जागेवरून शरीराचे सगळे ओझे उचलून उभे करायचे काम मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे. ते दुबळे झाले की माणूस हाताचा आधार शोधू लागतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. स्नायू मात्र कोणत्याही वयात पुन्हा कमावता येतो. तो कमावण्याचा आपल्या घरातला, बिनखर्चाचा व्यायाम म्हणजे बैठका. आज त्याविषयी.

न मोजलेल्या बैठका

पूर्वी आपल्या घरांत बैठका कोणी मुद्दाम काढत नसे, पण त्या होत असत. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवण पाटावर, निजणे अंथरुणावर आणि शौचाला उकिडवे बसणे. स्वयंपाक करणारी बाई दिवसातून कितीदा उठबस करी, याचा हिशोब तिने कधी ठेवला नाही. आता ओटा कमरेइतका उंच झाला, गॅस आला, पलंग आला, कमोड आला. ही सोय वाईट नाही. ज्यांचे गुडघे खरोखरच झिजले आहेत त्यांना कमोड हे वरदान आहे, त्यांनी तो अवश्य वापरावा. पण सोयीबरोबर रोजचा व्यायाम हातचा गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, हे ध्यानात घ्यायला हवे.

“आम्ही रोज फिरायला जातो की,” असे काही वाचक म्हणतील. फिरणे उत्तमच. हृदयाला, रक्तदाबाला, मधुमेहाला आणि मनालाही ते चांगले. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीवर फारसा जोर येत नाही. स्नायूला बळ यायचे तर त्याला नेहमीपेक्षा थोडे जड काम द्यावे लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सर्व प्रौढांनी करावा, असे म्हटले आहे. पासष्टीच्या पुढे तर तोल आणि ताकद या दोन्हींसाठी किमान तीन दिवस.

मांडीतली शिल्लक

तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातले स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही भराभर कमी होते. वजनाच्या काट्यावर ते कळत नाही, कारण गेलेल्या मांसाची जागा चरबीने भरून निघते. “वजन तेवढंच आहे,” असे समाधान मानणाऱ्यांनी मांडी ताठ करून हाताने चाचपून पाहावी.

आजारपणात ही घट फार झपाट्याने होते. अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस फक्त अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांना ताप नव्हता, दुखणे नव्हते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले मांस सरासरी सुमारे एक किलोने घटले. आपल्याकडे डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनियातून उठलेले वृद्ध “ताप गेला, पण पायांत जीव नाही” असे सांगतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. ताप उतरल्यावरही “पडून राहा, पडून राहा” असा आग्रह घरच्यांनी धरू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यांना लवकरात लवकर उठते-बसते करावे.

हा प्रश्न नुसत्या अशक्तपणावर थांबत नाही. सत्तरीच्या एक आजी वारंवार लघवीच्या जळजळीसाठी येत. औषधाने बरे वाटे आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. साखर नव्हती, मुतखडा नव्हता. दिवसभरात पाणी किती पिता, असे खोदून विचारल्यावर सुनेने सांगितले, की आजी दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. आजी आधी गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “रात्री उठावं लागतं. खाली बसलं की उठता येत नाही. कितीदा पोरांना हाक मारायची?” एका रात्री त्या मोरीत तासभर तशाच बसून राहिल्या होत्या आणि ते त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. दुखणे लघवीचे दिसत होते, मूळ मांड्यांत होते.

असे कितीतरी आजी-आजोबा आपल्या घरांत आहेत. ते गावाला जायचे टाळतात, लग्नाला जायचे टाळतात, कारण तिथे शौचाची सोय कशी असेल याची धास्ती असते. पाय कमकुवत म्हणून तोल जातो, तोल गेला की पडणे आणि पडले की खुब्याचे हाड मोडणे. म्हातारपणी अंथरूण धरायला लावणाऱ्या कारणांत हे मोठे कारण आहे. माणूस स्वतःच्या बळावर उठू शकतो की नाही, यावर त्याचे पुढचे आयुष्य कोणाच्या आधाराने जाणार हे बरेचसे ठरते.

घरच्या घरी परीक्षा

आपल्या मांड्यांत किती बळ आहे, हे पाहायला यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स यांनी १९९९ साली एक साधी चाचणी बसवली, ती जगभर वापरली जाते. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीच्या मध्यावर ताठ बसा, पावले जमिनीवर सपाट ठेवा आणि हात छातीवर कैचीसारखे आडवे धरा. दुसऱ्या कोणाला घड्याळ धरायला सांगा. तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येईल तितक्या वेळा करा आणि पूर्ण उभे राहिल्याची संख्या मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य.

अमेरिकेत पुढील आकड्यांपेक्षा कमी संख्या आली तर पडण्याचा धोका अधिक समजतात : वय ६० ते ६४ – पुरुष १४, स्त्रिया १२. वय ६५ ते ६९ – पुरुष १२, स्त्रिया ११. वय ७० ते ७४ – पुरुष १२, स्त्रिया १०. वय ७५ ते ७९ – पुरुष ११, स्त्रिया १०. हे आकडे त्यांच्याकडच्या लोकांचे आहेत, म्हणून एक-दोनच्या फरकाने घाबरून जाऊ नये. आपला आजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. चाचणीच्या वेळी वृद्धांजवळ कोणीतरी उभे असावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर चाचणी करू नये.

बैठकीत काय घडते?

खाली जाताना खुबा, गुडघा आणि घोटा असे तीन सांधे एकाच वेळी वाकतात. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू शरीराचे वजन दोरीसारखे धरून ते हळूहळू खाली सोडतो. वर येताना हाच स्नायू गुडघा सरळ करतो आणि कुल्ल्याचा स्नायू खुबा सरळ करतो. कुल्ल्याचा हा स्नायू आपल्या शरीरातला सर्वांत मोठा आहे. पोटऱ्या तोल सांभाळतात, पोट आणि कंबर पाठीला आधार देतात. म्हणजे एका हालचालीत कमरेखालचे जवळजवळ सगळे मोठे स्नायू कामाला लागतात.

मधुमेह्यांना याचा आणखी एक फायदा होतो. रक्तातली साखर वापरणारे शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. मोठे स्नायू कामाला लागले की ते साखर ओढून घेतात. शिवाय हाडांवर योग्य तो भार आल्याने हाडेही टिकायला मदत होते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हा मुद्दा विशेष महत्त्वाचा.

आपल्या तालमींना हे जुनेच ठाऊक आहे. जोर छाती-खांद्यांसाठी आणि बैठका पायांसाठी, ही जोडी लाल मातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पहिलवानी बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, हात झुलवतात आणि लयीत भराभर उठतात. तरण्या, तयार शरीराला ते शोभते. पन्नाशीच्या माणसाने मात्र त्याची नक्कल करू नये. त्याने टाचा जमिनीवर ठेवून सावकाश बैठक मारावी.

चार पायऱ्या

पहिली पायरी : खुर्चीची बैठक. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. हलकी प्लास्टिकची किंवा चाकांची खुर्ची नको. खुर्चीच्या पुढच्या कडेशी बसा. पावलांमध्ये खांद्यांइतके अंतर ठेवा, चवडे किंचित बाहेर आणि पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. छाती पुढे झुकवा आणि टाचांवर जोर देऊन उभे राहा. मग कुल्ले मागे नेत तीन अंक मोजत सावकाश बसा. धपकन बसू नका, कारण हळू बसण्यातच अर्धा व्यायाम आहे. उठता येत नसेल तर खुर्चीवर एक-दोन उशा किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करा. पहिल्या आठवड्यात हातांचा थोडा आधार घेतला तरी चालेल.

दुसरी पायरी : आधाराची अर्धी बैठक. खिडकीचे गज किंवा जिन्याचा पक्का कठडा दोन्ही हातांनी धरा. मागे खुर्ची आहे असे समजून कुल्ले मागे न्या आणि निम्मेच खाली जा. एक क्षण थांबून वर या. हाताने ओढून वर यायचे नाही, हात फक्त तोलासाठी.

तिसरी पायरी : बिनआधाराची बैठक. हात समोर आडवे धरा. मांड्या जमिनीला समांतर होतील इथपर्यंत किंवा न दुखता जमेल तिथपर्यंत खाली जा. बहुतेक वयस्कर वाचकांना एवढी खोली पुरेशी आहे.

चौथी पायरी : पूर्ण बैठक. ज्यांचे गुडघे निरोगी आहेत आणि ज्यांना टाचा न उचलता उकिडवे बसता येते, त्यांनी पूर्ण खाली जावे. यापुढे बळ वाढवायचे तर दोन-तीन किलो आट्याची पिशवी छातीशी धरून तिसऱ्या पायरीची बैठक मारावी.

चारही पायऱ्यांत चार गोष्टी सांभाळा. गुडघे पावलांच्या दिशेतच वाकू द्या, ते आत एकमेकांकडे वळता कामा नयेत. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवा. पाठ कुबडासारखी वाकवू नका. आणि श्वास कोंडू नका : खाली जाताना घ्या, वर येताना सोडा. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो. गुडघा पावलाच्या बोटांपुढे जराही जाता कामा नये, असा एक नियम सांगतात. त्याचा फार बाऊ करू नये. कुल्ले आधी मागे गेले आणि टाच टेकलेली राहिली, की गुडघा थोडा पुढे आला तरी बिघडत नाही.

किती काढाव्यात?

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. आधी पाच मिनिटे चालून अंग गरम करा. मग आपल्याला जमणाऱ्या पायरीच्या आठ ते दहा बैठका काढा, एक-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा तेवढ्याच काढा. महिन्याभराने तिसरा फेरा वाढवा. शेवटच्या दोन बैठका जरा जड वाटल्या पाहिजेत. सलग बारा अगदी सहज होऊ लागल्या की पुढची पायरी घ्या किंवा खुर्चीवरची एक उशी काढा. सगळे मिळून दहा-बारा मिनिटांचे काम आहे. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडून देऊ नका.

सुरुवातीला दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. हे दुखणे दोन-तीन दिवसांत जाते आणि त्याला गोळी लागत नाही. सांध्याच्या आत कळ येणे, गुडघ्याला सूज येणे, गुडघा अडकणे ही मात्र थांबण्याची खूण समजावी.

बैठकांनी गुडघे झिजतात का?

हा प्रश्न दवाखान्यात हटकून येतो. या भीतीला इतिहास आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी १९६१ साली, खोल बैठकांनी गुडघ्याचे बंध सैल पडतात असा निष्कर्ष काढला. त्यामुळे तिकडे खोल बैठका बंद करण्याकडे कल झाला. पुढे इतरांनी तपासून पाहिले तेव्हा निरोगी गुडघ्यांबाबत त्याला दुजोरा मिळाला नाही.

तरीही खोली आणि भार यांचे नाते आहेच. १९७२ साली झालेल्या मोजमापानुसार, सपाट चालताना गुडघ्याच्या वाटीमागे पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा असतो. जिना चढताना तो तिपटीच्या थोडा वर जातो आणि अगदी खोल बैठकीत सात-साडेसात पट होतो. निरोगी कूर्चा हा भार काही क्षण सहज झेलते. झिजलेल्या कूर्चेला तो झेपत नाही. म्हणून संधिवाताच्या रुग्णांनी पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबावे. पण थांबावे म्हणजे मुळीच करू नये, असे नव्हे. गुडघ्याच्या झिजेवर जगभरचे तज्ज्ञ जे उपचार सांगतात, त्यांत मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन कमी करणे हे अगदी पहिल्या ओळीत येतात. दुखते म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून मांडी बारीक, मांडी बारीक म्हणून सांध्यावर ताण जास्त आणि म्हणून अधिक दुखणे, असे हे चक्र फिरते. ते कुठेतरी तोडावेच लागते.

काही क्षणांची बैठक आणि तासन्‌तास उकिडवे बसणे या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. खुरपणी करताना, भाजी तोडताना, दुकानात माल निवडताना तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्यांवर ताण येतो. शिवाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी शीर दबून पाऊल लुळे पडू शकते. इंग्रजी वैद्यकग्रंथांत या दुखण्याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांचे नावच मिळाले आहे. शेतात काम करणाऱ्या भगिनींनी दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. पायाला मुंग्या आल्या किंवा पाऊल वर उचलेना, तर त्या दिवशीचे काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

अति तेथे माती

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला, एरवी व्यायामाची सवय नसलेला एखादा मुलगा मित्रांच्या पैजेखातर पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका काढतो. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या कडक होतात, सुजतात, उभे राहवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी येते. स्नायू तुटून त्यातले द्रव्य रक्तात मिसळले आणि मूत्रपिंडात अडकू लागले, याची ही खूण आहे. अशा वेळी मालिश, लेप, दुखीच्या गोळ्या यांत वेळ घालवू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराला थोड्यापासूनच सुरुवात करायला लावतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

याच कारणाने शाळेत कान धरून शंभर उठाबशा काढायला लावण्याची शिक्षा धोक्याची आहे. मूल उपाशी असेल, आजारी असेल, त्याला दमा किंवा हृदयाचा दोष असेल, तर ते जिवावर बेतू शकते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने अशा शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शिक्षक बंधू-भगिनींनी आणि पालकांनीही हे लक्षात ठेवावे. शिवाय जो व्यायाम मुलांना आवडावा त्याचीच शिक्षा केली, तर मोठेपणी ती त्याच्या वाटेला जातील कशाला?

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

चालताना छातीत दाटते किंवा धाप लागते अशांनी. रक्तदाब १८०/११० च्या वर असणाऱ्यांनी तो आधी आटोक्यात आणावा. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पायाला मुंग्या-बधिरपणा आणणारे कंबरेचे दुखणे, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात झालेला रक्तस्राव असेल तर विचारल्याशिवाय करू नये. सांधा बदललेल्यांनी, किती खाली वाकायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आधाराच्या बैठका कराव्यात. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नयेत आणि खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठल्यावर चक्कर येऊ शकते. त्यांनी उभे राहिल्यावर दोन श्वास थांबून मग पुढची बैठक घ्यावी.

ताटाकडेही पाहा

स्नायू नुसत्या व्यायामाने होत नाहीत, त्याला प्रथिने लागतात. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. संध्याकाळी नुसता चहात कुस्करलेला पाव किंवा दूध-पोळीचे चार घास खाऊन निजणाऱ्या आजी-आजोबांची भरती यातून होणार नाही. घट्ट वरण, पिठले, उसळ, दही, अंडे, मासळी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उशीर झाला का?

“आता या वयात काय होणार?” असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेत बोस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत डॉ. मारिया फियातारोनी यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा, वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्याच्या अडीच पटीहून जास्त झाली. ते व्यायाम देखरेखीखाली आणि वजने लावून होते, हे खरे. पण नव्वदीतला स्नायूसुद्धा हाकेला ओ देतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

वर सांगितलेल्या आजींना आम्ही खुर्चीवर दोन उशा ठेवून सुरुवात करायला सांगितली. शेजारी नातवाला मोजायला बसवले. पहिल्या दिवशी जेमतेम तीन वेळा उठल्या. सव्वातीन महिन्यांनी त्या बिनउशीच्या खुर्चीवरून सलग नऊ वेळा उठत होत्या. मोरीत मुलाने भिंतीला एक दांडा बसवून दिला, तो धरून रात्री एकट्या उठू लागल्या आणि संध्याकाळचे पाणी पिऊ लागल्या. जमिनीवर मांडी घालून बसणे अजून त्यांना जमत नाही, कदाचित जमणारही नाही. पण पोरांना हाक मारावी लागत नाही, एवढ्यावर त्या खूश आहेत.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाने एकेकदा खुर्चीची परीक्षा द्यावी. घरातल्या वृद्धांना उठताना हात देण्याआधी, “आजी, जरा स्वतः जोर लावून बघता का? मी जवळच उभा आहे,” असे म्हणावे. आणि ज्यांना आज सहज उठता येते, अशा चाळिशीतल्या मंडळींनी उद्यापासूनच आठवड्यातले तीन दिवस ठरवून टाकावेत.